स्पॅनिशमध्ये ‘बोलू नकोस’ कसे म्हणावे: नियमित क्रियापदांची नकारार्थी आज्ञा

स्पॅनिश शिकू लागलेल्या विद्यार्थ्याला आज्ञार्थ पहिल्यांदा भेटतो तेव्हा तो सोपा वाटतो. ‘आब्ला’ म्हणजे बोल, ‘कोमे’ म्हणजे खा, ‘एस्क्रिबे’ म्हणजे लिही. पुढे ‘बोलू नकोस’ म्हणायची वेळ आली की विद्यार्थी ‘आब्ला’च्या आधी ‘नो’ ठेवतो आणि काम झाले असे समजतो. पण ‘नो आब्ला’ ही मनाई नव्हे. त्याचा अर्थ ‘तो बोलत नाही’ किंवा ‘ती बोलत नाही’ असा होतो, आणि ऐकणाऱ्याला आज्ञेऐवजी कोणा तिसऱ्याविषयीचे एक साधे विधान ऐकू येते. ‘बोलू नकोस’ला ‘नो आब्लेस’ असे म्हणावे लागते. स्पॅनिशमध्ये मनाईचा खरा भार ‘नो’ या शब्दावर नसून क्रियापदाच्या अखेरच्या स्वरावर असतो, आणि हे एकदा नीट उमगले की उरलेला नियम लक्षात ठेवायला फारसे कष्ट पडत नाहीत.

या लेखात स्पॅनिश शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. स्पॅनिशमध्ये ‘एच’ हे अक्षर मूक असते आणि ‘बी’ व ‘व्ही’ या दोन अक्षरांचा उच्चार एकच होतो, म्हणून ‘आब्लार’ आणि ‘बिबिर’ असे लेखन दिसेल. ‘झेड’, तसेच ‘ई’ आणि ‘आय’ यांच्या आधी येणारा ‘सी’, यांचा उच्चार स्पेनच्या बहुतेक भागांत जीभ दातांमध्ये ठेवून होतो आणि लॅटिन अमेरिकेत ‘स’ होतो. येथे सोयीसाठी ‘स’ वापरला आहे.

मनाई करताना क्रियापदाचे रूप बदलते याचे मराठी माणसाला खरे तर नवल वाटू नये. आपणही ‘बोल’ या आज्ञेला नुसता नकार जोडत नाही. ‘बोल’चे ‘बोलू’ करतो आणि मग ‘नकोस’ म्हणतो. स्पॅनिशची रीत वेगळी असली तरी होकारार्थी आज्ञेचे रूप नकारात चालत नाही ही गोष्ट दोन्ही भाषांत सारखीच आहे. ज्यांनी शाळेत फ्रेंच घेतले होते त्यांना मात्र येथे थोडे सावध राहावे लागते, कारण फ्रेंचमध्ये होकारार्थी आज्ञेचे रूप तसेच ठेवून तिच्याभोवती नकाराचे शब्द घातले की भागते. त्या सवयीने स्पॅनिशकडे पाहिले की ‘नो आब्ला’ हीच चूक हातून होते. पोर्तुगीज जाणणाऱ्या गोव्यातील वाचकांची स्थिती याउलट आहे. पोर्तुगीजची नकारार्थी आज्ञा अगदी याच पद्धतीने बनते, त्यामुळे पुढचे बरेचसे त्यांना ओळखीचे वाटेल.

रूप बनवण्याची रीत

स्पॅनिश क्रियापदांचे मूळ रूप ‘आर’, ‘एर’ किंवा ‘इर’ यांपैकी एकाने संपते. आब्लार (बोलणे), कोमेर (खाणे) आणि एस्क्रिबिर (लिहिणे) ही तीन क्रियापदे आपण नमुना म्हणून घेऊ. पहिली पायरी अशी की क्रियापदाचे वर्तमानकाळातील ‘यो’चे, म्हणजे ‘मी’चे, रूप घ्यावे: आब्लो, कोमो, एस्क्रिबो. त्यातील अखेरचा ‘ओ’ काढून टाकला की आब्ल्, कोम् आणि एस्क्रिब् एवढे अंग उरते. आता या अंगाला स्वर जोडायचा, पण तो क्रियापदाच्या स्वतःच्या गटाचा नव्हे, समोरच्या गटाचा. ‘आर’ गटातील क्रियापदाला ‘ए’ लागतो, तर ‘एर’ आणि ‘इर’ या दोन्ही गटांतील क्रियापदांना ‘आ’ लागतो. अशा रीतीने आब्ले, कोमा आणि एस्क्रिबा ही रूपे तयार होतात. त्यांच्या आधी ‘नो’ ठेवला की ‘उस्तेद’साठीची, म्हणजे एका व्यक्तीला आदराने केलेली मनाई पूर्ण होते: नो आब्ले, नो कोमा, नो एस्क्रिबा.

बहुतेक पाठ्यपुस्तके ‘तू’च्या रूपापासून सुरुवात करतात. माझ्या मते ‘उस्तेद’पासून सुरुवात करणे अधिक सोयीचे आहे, कारण तेच रूप पाया धरून बाकीची रूपे एकेक ध्वनी जोडून मिळतात. त्याला ‘स’ जोडला की ‘तू’चे रूप होते: नो आब्लेस, नो कोमास, नो एस्क्रिबास. ‘न’ जोडला की ‘उस्तेदेस’चे, म्हणजे अनेकांसाठीचे रूप होते: नो आब्लेन, नो कोमान, नो एस्क्रिबान. ‘मोस’ जोडला की ‘आपण सगळ्यांनी हे नको करायला’ या अर्थाचे ‘नोसोत्रोस’चे रूप होते: नो आब्लेमोस, नो कोमामोस, नो एस्क्रिबामोस. शिवाय ‘उस्तेद’ आणि ‘उस्तेदेस’ यांच्या बाबतीत होकारार्थी आज्ञेचे रूपही हेच असते. ‘आब्ले’ म्हणजे बोला आणि ‘नो आब्ले’ म्हणजे बोलू नका. त्यामुळे येथे खरोखरच नुसता ‘नो’ पुरतो, आणि नवशिक्याला पहिले यश लवकर मिळते.

नियमित क्रियापदाच्या मूळ रूपातून नुसता ‘आर’ किंवा ‘एर’ काढला तरी तेच अंग मिळते. मग ‘यो’च्या रूपातून जाण्याचा वळसा कशासाठी, असे कोणी विचारील. पुढे अनियमित क्रियापदे येतात तेव्हा हाच वळसा उपयोगी पडतो. तेनेर (जवळ असणे) याचे ‘यो’चे रूप ‘तेन्गो’ आहे, म्हणून नकारार्थी आज्ञा ‘नो तेन्गास’ होते. सालिर (बाहेर पडणे) याचे ‘साल्गो’ आहे, म्हणून ‘नो साल्गास’. ज्याला सुरुवातीपासून ‘यो’च्या रूपातून जाण्याची सवय लागली आहे त्याला ही रूपे वेगळी पाठ करावी लागत नाहीत. सेर, एस्तार, इर, दार, साबेर यांसारखी मोजकी क्रियापदे मात्र या वाटेनेही सापडत नाहीत आणि त्यांची रूपे स्वतंत्रपणेच शिकावी लागतात.

स्वर उलटा का होतो

ही रूपे मुळात आज्ञार्थाची नाहीतच. ती सब्जंक्टिव्ह या अर्थाची आहेत, ज्याला स्पॅनिशमध्ये ‘सुब्खुन्तिबो’ म्हणतात. जे प्रत्यक्षात घडत आहे ते न सांगता जे घडावे, घडू नये किंवा घडेल अशी शंका आहे ते सांगण्यासाठी हा अर्थ वापरला जातो. मराठीतील ‘त्याने बोलावे’, ‘त्याने बोलू नये’ हा विध्यर्थ त्याच्या बराच जवळचा आहे. स्पॅनिशची जननी असलेल्या लॅटिनमध्येही मनाई करण्यासाठी हा अर्थ वापरत असत. स्पॅनिशच्या खऱ्या आज्ञार्थाला नकार लागतच नाही, म्हणून नकाराची वेळ आली की भाषा सब्जंक्टिव्हकडे वळते. ‘उस्तेद’ला तर होकारातही सब्जंक्टिव्हच वापरावे लागते, आणि वर पाहिलेले दोन्हीकडचे सारखेपण तिथूनच आले आहे. ‘उस्तेद’ हा शब्द ‘बुएस्त्रा मेर्सेद’ या जुन्या आदरार्थी संबोधनापासून झिजत आला. समोरच्याला थेट ‘तू’ न म्हणता त्याच्या कृपेला उद्देशून बोलण्याची ती पद्धत होती, त्यामुळे त्याचे क्रियापद आजही तृतीय पुरुषी राहिले आहे.

कानाने ओळखण्याची अडचण

नियम कागदावर कळला तरी बोलताना आणि ऐकताना अडचण येते ती एका ठरावीक ठिकाणी. ‘नो आब्लास’ म्हणजे ‘तू बोलत नाहीस’ आणि ‘नो आब्लेस’ म्हणजे ‘बोलू नकोस’. ‘एर’ गटात चित्र नेमके उलटते: ‘नो कोमेस’ म्हणजे ‘तू खात नाहीस’ आणि ‘नो कोमास’ म्हणजे ‘खाऊ नकोस’. शेवटी ‘एस’ ऐकू आला म्हणजे मनाई आहे असे ठरवता येत नाही, कारण ते क्रियापद कोणत्या गटातले आहे यावर सारे अवलंबून असते. ‘नो बेबेस’ आणि ‘नो येबेस’ ही दोन वाक्ये कानाला जवळजवळ सारखी लागतात. पहिले बेबेर (पिणे) या ‘एर’ क्रियापदाचे असल्यामुळे ते ‘तू पीत नाहीस’ असे विधान आहे, तर दुसरे येबार (घेऊन जाणे) या ‘आर’ क्रियापदाचे असल्यामुळे ती ‘घेऊन जाऊ नकोस’ अशी मनाई आहे.

यावर उपाय एकच आहे, आणि तो शब्दसंग्रह शिकतानाच करायला हवा. नवे क्रियापद वहीत लिहिताना त्याचा नुसता अर्थ न लिहिता त्याची विधानाची आणि मनाईची अशी दोन्ही रूपे शेजारी शेजारी लिहावीत आणि मोठ्याने म्हणावीत: नो कोम्प्रास, नो कोम्प्रेस, नो कोर्रेस, नो कोर्रास, नो आब्रेस, नो आब्रास. यांपैकी कोम्प्रार म्हणजे विकत घेणे, कोर्रेर म्हणजे पळणे आणि आब्रिर म्हणजे उघडणे. अशी जोडी तोंडात बसली की स्वर चुकल्याबरोबर कानाला खटकते. गटाचा तक्ता पाठ करून जे साधत नाही ते या सरावाने साधते, असा माझा ठाम विश्वास आहे.

मराठीतील एक ‘नका’ आणि स्पॅनिशमधील तीन रूपे

मराठीत ‘बोलू नका’ हे एकच वाक्य वडीलधाऱ्या व्यक्तीला, अनोळखी माणसाला, दोन मित्रांना किंवा वर्गभर मुलांना उद्देशून चालते. स्पॅनिशमध्ये भाषांतर करण्याआधी समोर कोण आहे हे ठरवावे लागते. एकच व्यक्ती असेल आणि आदर दाखवायचा असेल तर ‘नो आब्ले’. अनेक जण असतील आणि आपण लॅटिन अमेरिकेतील स्पॅनिश बोलत असू तर ते जवळचे असोत की परके, ‘नो आब्लेन’. स्पेनमध्ये मात्र अनेक मित्रांना, भावंडांना किंवा मुलांना ‘बोसोत्रोस’ म्हणतात आणि त्यासाठी वेगळे रूप लागते: नो आब्लेइस, नो कोमाइस, नो एस्क्रिबाइस. या रूपांत आघात, म्हणजे उच्चारातील जोर, शेवटच्या अवयवावर, म्हणजे शब्दाच्या अखेरच्या उच्चारखंडावर, पडतो आणि तो लेखनात ‘ए’ किंवा ‘आ’ यांवरील तिरप्या रेघेने दाखवतात. ‘बोसोत्रोस’ची होकारार्थी आज्ञा ‘आब्लाद’, ‘कोमेद’, ‘एस्क्रिबिद’ अशी पूर्णपणे वेगळी असल्यामुळे ‘नो आब्लाद’ असे म्हणण्याचा मोह होतो, तो टाळावा.

आदराची सीमा सगळीकडे सारखी नाही. कोलंबियाच्या काही भागांत घरातल्या माणसांनाही ‘उस्तेद’ म्हणण्याचा प्रघात आहे, तर स्पेनमध्ये दुकानात किंवा कामाच्या ठिकाणी ‘तू’ लवकर सुरू होते. अर्जेंटिना आणि उरुग्वेमध्ये ‘तू’ऐवजी ‘बोस’ हे सर्वनाम आहे आणि त्याची होकारार्थी आज्ञा शेवटच्या अवयवावर आघात देऊन म्हणतात. तेथे नकारासाठी मात्र ‘तू’चेच ‘नो आब्लेस’ हे रूप सर्वमान्य आहे. त्याच्या जोडीला शेवटी आघात असलेले ‘नो आब्लेस’ही ऐकू येते. नवशिक्याने पहिले रूप वापरले तर ते कोठेही चुकीचे ठरत नाही.

सर्वनामे कोठे ठेवावीत

‘मला’, ‘तुला’, ‘ते’ अशा अर्थाची छोटी सर्वनामे होकारार्थी आज्ञेत क्रियापदाच्या शेवटी चिकटून येतात, तर नकारार्थी आज्ञेत ती ‘नो’ आणि क्रियापद यांच्या मध्ये सुटी बसतात. ‘मीरामे’ म्हणजे माझ्याकडे बघ. ‘नो मे मीरेस’ म्हणजे माझ्याकडे बघू नकोस. ‘कोम्प्रालो’ म्हणजे ते विकत घे. ‘नो लो कोम्प्रेस’ म्हणजे ते विकत घेऊ नकोस. दोन सर्वनामे असतील तर ज्याला द्यायचे त्याचे आधी आणि जी वस्तू द्यायची तिचे नंतर येते: ‘नो मे लो बेन्दास’ म्हणजे ते मला विकू नकोस. ‘त्याला’ या अर्थाचा ‘ले’ पुढे ‘लो’ आला की ‘से’ होतो, म्हणून ‘ते त्याला विकू नकोस’ हे ‘नो से लो बेन्दास’ असे होते. ‘नो’, सर्वनामे आणि क्रियापद या साखळीत दुसरा कोणताही शब्द घुसवता येत नाही.

स्वतःवर होणाऱ्या क्रियांची क्रियापदे, उदाहरणार्थ लेबान्तार्से (उठणे), हाच क्रम पाळतात आणि त्यांचे सर्वनाम व्यक्तीनुसार बदलते. ‘तू’साठी ‘नो ते लेबान्तेस’, ‘उस्तेद’साठी ‘नो से लेबान्ते’, ‘उस्तेदेस’साठी ‘नो से लेबान्तेन’, ‘बोसोत्रोस’साठी ‘नो ओस लेबान्तेइस’. होकारार्थी रूपांत सर्वनाम चिकटताना काही ठिकाणी अखेरचा ‘द’ किंवा ‘स’ गळतो आणि आघातचिन्हे नव्याने द्यावी लागतात. नकारात सर्वनाम सुटेच राहिल्यामुळे यांपैकी काहीच करावे लागत नाही, आणि त्या दृष्टीने नकारार्थी आज्ञा होकारार्थी आज्ञेपेक्षा सोपी आहे. रोजच्या बोलण्यात अखंड कानावर पडणारे ‘नो ते प्रेओकुपेस’, म्हणजे ‘काळजी करू नकोस’, हे वाक्य याच नमुन्याचे आहे. ते आधी पाठ करून ठेवले तर बाकीची वाक्ये त्याच साच्यात बसवता येतात.

उच्चार तोच, लेखन वेगळे

काही क्रियापदे उच्चारात पूर्ण नियमित असूनही लिहिताना अक्षर बदलतात. बुस्कार (शोधणे) याची आज्ञा ‘नो बुस्केस’ होते आणि देवनागरीत ‘क’ कायम दिसतो. रोमन लिपीत मात्र मूळ शब्दातील ‘सी’ तसाच ठेवून पुढे ‘ई’ लिहिला तर उच्चार ‘बुसेस’ असा होईल, म्हणून ‘क’चा आवाज राखण्यासाठी ‘सी’च्या जागी ‘क्यू’ आणि ‘यू’ लिहितात. येगार (पोहोचणे) याच्या ‘नो येगेस’मध्ये ‘जी’नंतर मूक ‘यू’ घालतात. क्रुसार (ओलांडणे) याच्या ‘नो क्रुसेस’मध्ये ‘झेड’चा ‘सी’ होतो, कारण स्पॅनिश लेखनात ‘ई’च्या आधी ‘झेड’ सहसा येत नाही. आबेरिग्वार (छडा लावणे) याच्या ‘नो आबेरिग्वेस’मध्ये ‘यू’ उच्चारायचा असल्यामुळे त्याच्यावर दोन टिंबे देतात.

‘एर’ आणि ‘इर’ गटांतील असे बदल वेगळे लक्षात ठेवण्याची गरज नाही, कारण ते ‘यो’च्या रूपातच झालेले असतात. रेकोखेर (उचलणे, गोळा करणे) मूळ रूपात ‘जी’ने लिहितात, पण ‘यो’चे रूप ‘रेकोखो’ लिहिताना ‘जे’ येतो आणि तोच ‘नो रेकोखास’मध्ये टिकतो. कोन्बेन्सेर (पटवणे) याचेही तसेच आहे: ‘यो’च्या रूपात ‘झेड’ येतो आणि ‘नो कोन्बेन्सास’मध्ये राहतो.

पाट्या, जोर आणि दुहेरी नकार

बागेतल्या किंवा संग्रहालयातल्या पाटीवर वेगळेच रूप दिसते: ‘नो पिसार एल सेस्पेद’, म्हणजे हिरवळीवर पाय देऊ नये, ‘नो तोकार’, म्हणजे हात लावू नये, ‘नो फुमार’, म्हणजे धूम्रपान करू नये. येथे क्रियापद मूळ रूपातच ठेवलेले असते. आपल्याकडच्या पाट्यांवर ‘नका’ऐवजी ‘नये’ लिहितात त्याचे कारणच येथेही लागू आहे, कारण सूचना कोणा एकाला नसून येणाऱ्या-जाणाऱ्या सर्वांना असते. १७१३ साली स्थापन झालेली रेआल आकादेमिया एस्पान्योला ही स्पॅनिश भाषेची संस्था असे सार्वजनिक लेखन ग्राह्य मानते. पण समोरच्या माणसाला तोंडी सांगताना ‘नो तोकार’ म्हणू नये. तेथे ‘नो तोकेस’ किंवा ‘नो तोके’ हवे.

‘कधीही’ आणि ‘काहीही’ हे शब्द मनाईत वारंवार येतात. ‘काहीही विकत घेऊ नकोस’ हे ‘नो कोम्प्रेस नादा’ असे होते. ‘नादा’ स्वतः नकारार्थी असूनही क्रियापदाच्या मागे आला की पुढे ‘नो’ लागतोच. ‘नुन्का’ म्हणजे कधीही नाही. तो क्रियापदाच्या मागे असेल तर ‘नो फुमेस नुन्का’ म्हणावे, आणि आधी असेल तर ‘नो’ वगळून ‘नुन्का फुमेस’.

एकदा सांगून ऐकले नाही तर स्पॅनिश माणूस मनाईच्या आधी ‘के’ लावून ती पुन्हा म्हणतो: ‘के नो ग्रीतेस’, म्हणजे ‘ओरडू नकोस म्हटलं ना’. उलट सौम्यपणा आणायचा असेल तर शेवटी ‘पोर फाबोर’ जोडतात: ‘नो आब्ले तान आल्तो, पोर फाबोर’, म्हणजे कृपया इतक्या मोठ्याने बोलू नका. ‘नो योरेस’ (रडू नकोस) किंवा ‘नो लो ओल्बिदेस’ (ते विसरू नकोस) यांसारखी वाक्ये रूपाने मनाईची असली तरी त्यांत हुकूम नसतो. धीर देताना आणि आठवण करून देताना हेच रूप येते, म्हणून ते उद्धट वाटेल या भीतीने टाळू नये.

सरावासाठी पुढील पाच वाक्ये उत्तरे न पाहता स्पॅनिशमध्ये करून पाहावीत: दार उघडू नकोस, (आजोबांना) इतके पळू नका, (लॅटिन अमेरिकेतील मुलांना) भिंतीवर लिहू नका, त्याविषयी आपण नको बोलूया, ते मला विकत घेऊन देऊ नकोस. त्यांची उत्तरे क्रमाने अशी आहेत: नो आब्रास ला पुएर्ता, नो कोर्रा तान्तो, नो एस्क्रिबान एन ला पारेद, नो आब्लेमोस दे एसो, नो मे लो कोम्प्रेस. एखाद्या ठिकाणी स्वर चुकला असेल तर त्या क्रियापदाची विधानाची आणि मनाईची जोडी वहीत लिहून पुन्हा मोठ्याने म्हणावी आणि मगच पुढच्या क्रियापदाकडे वळावे.